पिवळ्या गोळ्यांचा नंदादीप

दत्तजयंतीच्या सप्ताहात समई सात दिवस विझू द्यायची नाही, असा नाहूरच्या त्या सोसायटीचा नेम. यंदा श्यामसुंदर तावड्यांनी ही जबाबदारी स्वतः मागून घेतली होती. सहा दिवस त्यांनी ती समई तान्ह्या लेकरासारखी जपली. आता शेवटचं कीर्तन, मग आरती, की देवाच्या पायाशी मान वर करून उभं राहायला ते मोकळे.

अडचण एकच होती. सोसायटीच्या हॉलात समईच्या डोक्यावरच पंखा होता, आणि त्याच पंख्याखाली त्यांची बायको बसली होती.

दर्शनावहिनी एकावन्न वर्षांच्या. पाळी जायचं वय, त्यामुळे गेलं वर्षभर त्यांना मधूनच आतून भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. डिसेंबरातसुद्धा. कुणीतरी सुचवलं म्हणून त्या इव्हनिंग प्रिमरोझ नावाच्या फुलझाडाचं तेल भरलेल्या मऊ पिवळ्या गोळ्या घ्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घेऊन बघा, पण गुण येईलच असं मी सांगणार नाही." वहिनींनी नवऱ्याला तेवढं बजावलं होतं, "कुणाकडे बोलायचं नाही हं. सोसायटीतल्या बायका लगेच वय मोजायला बसतात."

"अहो, पंखा लावा," वहिनी कुजबुजल्या.

"समई विझेल गं."

"आणि मी पेटलेय, त्याचं काय?"

"अर्धा तास कळ काढ. आरतीपर्यंत."

"ही पर्स धरा," म्हणून वहिनी कपाळ पुसत खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

इकडे कीर्तनकार देवव्रतबुवांनी उत्तररंगाला, म्हणजे कथेच्या भागाला, सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. काय तो गळा! सुदामा फाटक्या उपरण्याने द्वारकेच्या दारात उभा राहिला, तसे तावड्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसताना नजर समईवर गेली आणि ते कोरडेच झाले. तेल तळाला गेलं होतं. त्यांनी टेबलामागे हात घातला, तर तेलाचा कॅन गायब.

ते वाकून वाकून मागच्या खोलीत गेले. तिथे धाकू आचारी प्रसादाचे वडे तळत होता.

"धाकू, समईचं तेल?"

"ता व्हय? ता वड्यांका लागला."

"अरे, देवाचं तिळाचं तेल होतं ते!"

"म्हणानच वडे बरे झाले."

"वाट लावलीस! पळ, वाण्याकडून घेऊन ये."

"वाणी पयल्या रांगेत बसलोहा. दुकान बंद करून इलोहा कीर्तनाक."

तावड्यांच्या घरात तेल होतं, पण घर सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट सकाळपासून बंद. तरी किल्ली द्यायला त्यांनी बायकोची पर्स उघडली. धाकू किल्ली घेऊन जिन्याकडे निघाला. त्याच्या पोटाचा घेर बघता तो आरतीआधी उतरेल असं वाटेना. समईपाशी परत येतात तो वात तडतडू लागली. तेवढ्यात पर्समध्ये बायकोच्या त्या गोळ्यांची पट्टी दिसली. चार गोळ्या, वर पिवळ्या फुलाचं चित्र. फुलाचं तेल म्हणजे देवाला चालणारच! त्यांनी पर्समधली सेफ्टीपिन काढली आणि पहिली गोळी टोचून दाबली. तेलाची चिळकांडी थेट वाण्याच्या टकलावर. वाण्याने तीर्थ समजून ते डोक्यावर चोळून घेतलं. पुढच्या तिन्हींचं तेल मात्र नेमकं समईत पडलं. ज्योत उचलली.

नेमका तेव्हाच कृष्ण सुदाम्याला विचारत होता. बुवांनी गिरकी घेतली आणि चिपळ्या समोर रोखल्या, "काय रे सख्या, काखेत काय लपवतोस?"

समोर तावडे होते. त्यांनी दचकून रिकामी पट्टी खरोखरच काखेत सारली. सगळा हॉल हसला.

"बोला तावडे, काय आहे?" बुवांनाही गंमत वाटली.

घरी तावडे चारदा खोटं बोलले असते. पण समोर कीर्तनकार, मागे देव. तोंडातून निघून गेलं, "हिच्या गोळ्या, बुवा. अंगाची आग होते ना हिच्या, वयामुळे... त्याच्या."

समईशेजारीच माईक होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. खिडकीपाशी वहिनी लाल झाल्या, पण ही लाली वेगळी होती. तावड्यांनी डोळे मिटून घेतले. समई वाचली, पण आज घरी काही आपण वाचत नाही.

तिसऱ्या रांगेतून पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. "काका, माझ्याकडे सहा आहेत," गंधाली म्हणाली. ही गंधाली गेली पाच वर्षं बेचाळीस वर्षांची होती.

"गंधाली, तू पण?" वहिनींनी विचारलं.

"मग काय! मघापासून पंख्यासाठी खुणा करतेय, बघतंय कोण?"

"माझ्याही आहेत गं, नऊ," मागून कुणीतरी बोललं. मग चेनमागून चेन उघडल्या. हातोहात पट्ट्या पुढे आल्या, सेफ्टीपिनाही आल्या.

"बघा मायबाप," बुवांनी चिपळ्या उंचावल्या, "हे आजचे सुदाम्याचे पोहे!" टाळ कडाडले.

"आता पंखा," वहिनी म्हणाल्या. "पाचवर."

नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. चार पुरुषांनी सतरंजीची चार टोकं धरून समईवर उंच छत केलं. खाली ज्योत, वर वारं. आरतीच्या शेवटच्या कडव्याला धाकू तेल घेऊन धापा टाकत पोचला, तर समई आपली शांत तेवतेय.

तावडे बायकोसमोर कान धरून उभे राहिले. "चुकलं गं. गोळ्यापण संपवल्या तुझ्या."

"राहू द्या. दोन महिने घेतल्या, मला काडीचा फरक पडला नाही. समईला तरी पडला."

तेवढ्यात बुवा प्रसादाचा वडा घेऊन हळूच जवळ आले. "वहिनी, त्या गोळीचं नाव लिहून देता का? आमच्या घरीही हिचा पंखा रात्रभर पाचवर. माझा घसा बसतो हो, कीर्तनाला त्रास होतो."

"गोळीचं ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावं, बुवा," वहिनी म्हणाल्या. "पंखा चालू द्या त्यांचा. तुम्ही मफलर गुंडाळा."

बुवांनी मान डोलावली. शेजारी तावडेही ऐकत होते. घरी गेल्यावर त्यांनी न सांगता पंखा पाचवर केला आणि माळ्यावरून स्वतःसाठी कानटोपी काढली.