लिफ्टवाल्या काकांची बाग

आपण कुलपाच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत, हे काकांना कुलूप खटकन बसल्यावर कळलं.

त्यांचा तरी काय दोष! तीस वर्षं लिफ्ट चालवलेला माणूस. आधी आत शिरायचं, मग दार ओढायचं, हे अंगातच मुरलेलं. कुलूप नवं कोरं, दाबलं की बसणारं. किल्ली घरी, खिळ्याला.

दोन इमारतींमधली ही बाग म्हणजे चार चादरी अंथरल्या तर पाचवी दुमडून ठेवावी लागेल एवढी. एक बाक आणि गवत. गवत मात्र बघत राहावं असं! निवृत्त झाल्यापासून काकांनी ते जपलं होतं आणि कुणाची टाच त्यावर पडू दिली नव्हती. मुलं आली की हुसकाव, इस्त्रीवाला टेकला की उठव. बसायची मुभा एकट्या काकूंना. गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून उतरून त्या जेमतेम तिथवरच पोचत. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हे काकांना फार लागायचं.

आणि आज बारा वाजता पालिकेचे साहेब बाग बघायला येणार होते. कुणीतरी अर्ज केला होता: जागा नुसती पडून आहे, कुणी वापरत नाही, तिथे स्कूटर लावू द्या. साहेब येईपर्यंत कुणी घाण करू नये म्हणून तर हे कुलूप!

"अगं ए! किल्ली टाक!"

काकू गॅलरीत आल्या. "आत काय करताय?"

"अडकलोय!"

"तुम्ही?" काकूंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी किल्ली भिरकावली. ती गवतात पडली आणि गडप झाली. काकांचा चष्माही घरीच होता.

इस्त्रीवाला स्टूल घेऊन धावला. "काका, घाबरू नका, दोन मिनिटांत काढतो!"

हे वाक्य काकांनी स्वतः लिफ्टच्या जाळीतून हजारदा म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला किती राग येतो ते त्यांना आज समजलं. तेवढ्यात इस्त्रीवाल्याने स्टुलावरून कुंपणापलीकडे उडी टाकली. नेमकी गवतावर.

"अरे, पाय बघ पाय!"

"मग किल्ली काय उडत उडत शोधू?"

त्यालाही सापडेना, म्हणून न्हावी उतरला. त्याच्या मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. सुया शोधायचं लोहचुंबक घेऊन शिवणवाल्या मावशी आल्या, त्यांना दोघांनी धरून उतरवलं. शाळा सुटली तशी पोरं गजांतून सरकून आली. स्टूल बाहेरच राहिलंय, हे मोठ्यांच्या आत आल्यावर लक्षात यायचं.

साहेब आले तेव्हा पंचवीसेक माणसं गवतावर रांगत होती. काका डोकं धरून बाकावर. गवताची पार वाट लागली होती. आता बायको बिचारी खाली उतरून जाणार कुठे, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

"कुलूप कुणी लावलं?"

"मी," काका म्हणाले. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"आणि हे सगळे?"

"काका बाहेर पडल्याशिवाय आम्ही कसे जाणार, साहेब?" न्हावी रांगत रांगतच म्हणाला.

साहेब दोन पावलं मागे सरकले. "हे बघा, असं कोंडून घेऊ नका. आंदोलनाची काही गरज नाही. अर्जात लिहिलंय, इथे कुणी फिरकत नाही. मला तर मुंगी शिरायला जागा दिसत नाही! बाग राहील. या आता बाहेर."

तेवढ्यात काकू जिना उतरून आल्या. हातात कुलपाची किल्ली. मघाशी टाकली ती कपाटाची होती. काकांनी डोळे मोठे केले. काकूंनी मूठ गच्च मिटली.

"लिहून द्या साहेब," त्या म्हणाल्या, "म्हणजे येतील."

साहेबांनी इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर कागद ठेवून लिहून दिलं. ते वळणापलीकडे गेल्यावरच काकूंनी कुलूप काढलं. पण कुणी हललं नाही. कपाटाची किल्ली अजून गवतातच होती.

दुसऱ्या दिवशी 'गवतावर पाय ठेवू नये' ही पाटी गेली. नवी आली: 'एका वेळी आठच माणसं. दार ओढून घ्यावे.'

संध्याकाळी इस्त्रीवाल्याने आतली डोकी मोजली. "काका, नऊ झाले!"

काकांनी बाकाकडे पाहिलं. काकू गुडघे चोळत मजेत बसल्या होत्या.

"तिला मोजू नकोस," काका म्हणाले. "ही लिफ्ट तिच्यासाठीच तर आहे."