विरुद्ध पक्ष क्रमांक एक

आमच्या शेजारचे बिराजदार सर भाजीला निघाले की लातूरच्या मंडईत चुळबुळ सुरू होते. तीन जणींनी मेथीचा एकच भाव सांगितला की सर पिशवी खाली ठेवतात. "तिघींनी मिळून ठरवलाव का गं? हे संगनमत हाय!" बायका हसतात आणि चौथीही तोच भाव सांगते.

सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. करडईच्या काटेरी झाडाला हात न लावता ते पकडून कापणारा विळा त्यांनी घडवला, त्याचं पेटंट मिळवलं आणि तो बनवायचा परवाना चार कारखानदारांना दिला. तेव्हापासून त्यांना कायदा वाचायचा नाद लागला.

एका सकाळी सर धापा टाकत माझ्या दारात उभे. "विळे का खपत न्हाईत, त्याचा चोर सापडला! पान अकरा बगा!"

कारखानदारांशी केलेल्या परवान्याच्या करारात चक्क लिहिलं होतं: चौघांपैकी कुणीही ठरल्या भावाखाली विळा विकायचा नाही. खाली सरांचीच सही! नारळ फोडायच्या घाईत न वाचता ठोकलेली. तो भाव मजूर बायकांना परवडत नव्हता, म्हणून विळे कारखान्यांत पडून होते.

"दुनियेला शिकवत राहिलो, आन् शेण खाल्लं म्याच!"

त्यांनी तिथंच संगनमतानं भाव बांधणाऱ्यांना दंड करणाऱ्या दिल्लीच्या स्पर्धा आयोगाला तक्रार लिहायला घेतली. विरुद्ध पक्ष क्रमांक एक: स्वतः बिराजदार सर! मला हसू आवरेना. कागद घेऊन आम्ही थेट एमआयडीसीत चौघा कारखानदारांपुढे जाऊन बसलो.

"सर, पेटंट तुमचं, भावबी तुमचाच," त्यातला एक म्हणाला. "तुमचं काय बिघडलं?"

"पेटंट माझं हाय, बाजार न्हाई! माझा वाटा मला द्या, भाव ज्याचा त्यानं ठरवा. न्हाईतर हे धाडतो. मंग पाचही जण जाऊ दिल्लीला!"

स्वतःवरच्या तक्रारीनं इतका खूश झालेला माणूस त्यांनी पाहिला नसावा. कलम त्याच दिवशी खोडलं. मग चौघांत अशी चुरस लागली की पंधरा दिवसांत भाव खाली!

किल्लारीच्या बाजारात एका मजूर बाईनं विळा घेतला तेव्हा सरांनी टाळ्याच वाजवल्या. मग तिच्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आमच्या हिनं जन्मभर गावाकडं करडई काढली," ते म्हणाले. "हात धरावा म्हणलं की मागं घ्यायची. काटे हाईत, तुमाला टोचतील म्हणायची."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो राहू दिला.