परबकाकांचे अकरा बिंदू

चारकोपच्या आमच्या सोसायटीतले परबकाका काकूंचा हात धरून भर रस्त्यात थांबायचे, मोबाइल डोळ्यांजवळ न्यायचे आणि वहीत अक्षांश-रेखांश उतरवून घ्यायचे. मध्येच कुणी हाक मारली, तर म्हणायचे, "आधी बिंदू, मग बोलणं."

इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छापखान्यात त्यांनी तो बंद पडेपर्यंत मशीन चालवलं. मी ऑफिसात 'आर' नावाच्या संगणकभाषेत नकाशे काढते, हे कळल्यावर सत्तरीतले काका माझ्याकडे आले. शिकव म्हणाले. कशाला, ते सांगितलं नाही.

दर रविवारी यायचे. कोड आधी वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचा, मग एका बोटाने टाइप करायचा. स्वल्पविराम राहिला आणि लाल अक्षरं उमटली की स्क्रीनला "सॉरी हां" म्हणायचे.

महिन्याभराने त्यांनी वहीतले अकरा बिंदू नकाशावर टाकले. अक्षांशाच्या जागी रेखांश गेले होते, त्यामुळे सगळे बिंदू नॉर्वेच्याही वर, समुद्रात पडले. मी हसले. काका हसले नाहीत.

"इतक्या लांब जाणा नाय गो ती," हळूच म्हणाले.

ती म्हणजे काकू. वर्षभरापासून त्यांना काही आठवेनासं झालं होतं. कधीकधी घरात समोर बसलेल्या काकांनाही ओळखायच्या नाहीत. संध्याकाळी डोळा चुकवून बाहेर पडायच्या, आणि जिथे सापडायच्या ती जागा काका टिपून ठेवायचे. त्यांना वाटायचं, आपण परके झालो, म्हणून ही घर सोडून जाते.

आम्ही चूक दुरुस्त केली. बिंदू चारकोपात आले आणि एका रस्त्यावर ओळीने लागले, आमच्या बिल्डिंगपासून इस्टेटच्या दिशेने. काका बराच वेळ ती ओळ बोटाने गिरवत राहिले. लग्नानंतरची काही वर्षं काकू छापखाना सुटायच्या वेळी गेटवर यायच्या, मग दोघं भाजी घेऊन घरी परतायची, असं त्यांनी सांगितलं.

"मला न्यायला येते ती," म्हणाले, आणि चष्मा काढला.

आता रोज पाचला काका आधी निघतात आणि छापखान्याच्या बंद गेटाशी जाऊन उभे राहतात. थोड्या वेळाने काकू निघतात. त्यांच्या नकळत मी नाहीतर माझी आई मागे असते. काल माझी पाळी होती. काकूंनी काकांना लांबूनच ओळखलं. पदर सारखा केला, पावलं उचलली.

"आज उशीर झालो?" काकूंनी विचारलं.

काकांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"ओव्हरटाइम," म्हणाले.