मागच्या डाव्या चाकाचे बोल्ट

सोनारी फाट्याच्या अलीकडं जीपचं मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं, तेव्हा हिंमतरावांना मनातून बरंच वाटलं. परंड्याहून सगळे कृष्णराजसाठी मुलगी बघायला निघालेले. शेती करतो म्हणून पोराला आजवर नुसते नकारच आलेले. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं धुरपदाबाईंनी नवऱ्याला सकाळपासून बजावलं होतं. पण वडिलांच्या काळातल्या त्या जीपला हिंमतरावांनी कधी मिस्त्रीचा हात लागू दिला नव्हता, आणि करामत दाखवायची अशी संधी रोज थोडीच येते?

"तुमी नुसतं सावलीला बसा. आत्ता स्टेपनी टाकतो."

पाना लावला. नट ढिम्म हलेना. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि त्यावर स्वतःच उभे राहिले. कट्ट! नटासकट बोल्टच तुटून रस्त्यावर पडला.

"अगं बया! मोडलं का?"

"गंजला हुता गं. एक गेल्यानं काय हुतंय? चार हायत की."

"अप्पा, मी काय म्हंतो..." कृष्णराजनं तोंड उघडलं.

"तू गप. कापडं मळतील."

दुसरा तुटला. तिसरा तुटला. एखादा शहाणा इथं थांबला असता. हिंमतरावांना मात्र आता कुठं हात बसल्यासारखं वाटायला लागलं. पाचवा तुटला आणि चाक आपोआप मोकळं झालं. घाम पुसत त्यांनी बायकोकडं बघितलं.

"निघालं का न्हाय?"

"निघालं. आता दुसरं कशात बसवताव?"

हिंमतरावांनी खाली बघितलं. तिथं पाच थोटकं होती. स्टेपनी अडकवायला एक धड बोल्ट उरला नव्हता.

शेवटी धुरपदाबाईंनीच मुलीच्या घरी फोन लावला. जरा वेळानं मुलीचे वडील गौरीशंकर फटफटीवर आले. पाहुणे उपाशी नकोत म्हणून पोह्यांचा डबा घेऊन मागोमाग स्कूटीवर खुद्द मुलगीच आली, वैष्णवी. गेलं हे बी स्थळ, असं म्हणत धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला.

गौरीशंकर उकिडवे बसले. थोटकांवरून बोट फिरवलं. "समदे तुमीच तोडले?"

हिंमतरावांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "व्हय."

"म्या चारच तोडले हुते. पाचव्याला मंडळींनी पाना हिसकावला. आमची जीप तवापास्नं गोठ्याम्होरं हुबी हाय." त्यांनी हिंमतरावांच्या खांद्यावर हात टाकला. "पाव्हणं, लई बरं वाटलं बगा तुमाला भेटून. चला, थोटकं काढू."

दोघांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि एकदिलानं ती थोटकं डावीकडं फिरवायला ठोकू लागले.

झाडाखाली वैष्णवीनं कृष्णराजपुढं पोहे धरले आणि हळूच म्हणाली, "असल्या जुन्या जीपला डाव्या चाकाचे आटे उलटे असतात. उजवीकडं फिरवलं की सुटतंय."

"म्हाईत हाय मला."

"मग सांगितलं का न्हाय?"

"ऐकतंय कोण? तुमी न्हाय सांगितलं तुमच्या पप्पांना?"

"चार तुटंपर्यंत सांगतच हुते की!"

तिला हसू आवरेना. त्यालाही.

हिंमतरावांनी मान वळवून दोघांकडं बघितलं आणि त्यांची छाती फुगली. "बघितलंस का धुरपदा? आपलं काम बघून पोरगी खूश हाय!" म्हणाले, आणि डावीकडंच आणखी एक घाव घातला.