आमच्या घरचा उपमा

आमच्या वर दोन मजले राहणारे पराते काका काही ठरावीक दिवशी सकाळी पावणेआठला आमच्याकडे उपमा घेऊन येतात. तो त्यांनी स्वतः केलेला असतो. आमचा वाडगा मागून घेऊन त्यात तो काढतात, वरून आमचीच कोथिंबीर पेरतात आणि माझ्या बायकोला हुकूम सोडतात, "उषा, हा आता आमच्या घरी नेऊन दे. तुमच्या घरचा म्हणून."

काका बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत टाइम ऑफिसात होते. घराणं विणकरांचं, पण काकांनी हातमागाला कधी हात लावला नाही. उभी हयात दुसरे किती वाजता आले आणि किती वाजता गेले हे बघण्यात गेली. निवृत्त झाले तरी दोन्ही मनगटांवर घड्याळ असतं. डाव्या हातातलं बरोबर, उजव्यातलं दहा मिनिटं पुढे. "एक जगाचं, एक माह्यं," म्हणतात. घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याबरोबरच विचारतात, "तुमची शिफ्ट कवा सुटते?" माझा मेहुणा एकदा हे ऐकून चहा न घेताच उठला होता.

मागच्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला. किमोच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस स्टिरॉइडची गोळी, सकाळी एक आणि दुपारी एक. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही खाल्ल्यावरच घ्यायची, उपाशीपोटी नाही, आणि चुकवायची तर अजिबात नाही. पहिल्या खेपेला काकांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "खाल्लं का वं?" काकू आतून हो म्हणाल्या. पोटात होता फक्त घोटभर चहा. गोळीनंतर पोटात आग पडली, म्हणून दुपारची गोळी त्यांनी घेतलीच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खरं सांगून मोकळ्या झाल्या आणि किमो पुढे ढकलली गेली. काकांनी जन्मभर शेकडो माणसांची हजेरी घेतली आणि घरची एक चुकली, हे त्यांच्या जिवाला फार लागलं.

त्यानंतर ते स्वतः शिजवू लागले, तर काकू ताट सरकवून द्यायच्या. मात्र एकदा आमच्या उषानं शिरा पाठवला, तो त्यांनी चाटूनपुसून संपवला. दुसऱ्याच्या घरून आलेलं टाकायचं नाही, हा काकूंचा नेम. तेवढ्यावरून काकांनी हा कारखाना काढला. वाडगा नेण्याचं काम उषाचं. त्या वेळी काका दूध आणायच्या निमित्तानं खाली उतरून आमच्या दारापाशी उभे राहायचे.

परवा उषा माहेरी उमरेडला गेलेली, म्हणून वाडगा माझ्या हाती आला. मला खोटं बोलता येत नाही, बोलायला गेलो की कान लाल होतात. काका म्हणाले, "सव्वाआठच्या आत गोळी पोटात पाह्यजे. उद्या किमो आहे."

काकू टेबलाशी बसल्या होत्या. समोर गोळ्यांची पट्टी. वाडगा ठेवताच त्यांनी पदर नाकाला लावला.

"आज नको गा. वासच सहन नाही होत."

"थोडा तरी घ्या. उषानं मुद्दाम केलाय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "उषा तं काल उमरेडले गेली. मले भेटूनच गेली."

मी गोळ्यांच्या पट्टीकडे बघत राहिलो. वाडगा परत गेला असता तर सकाळची गोळी गेली, दुपारची गेली आणि उद्याची किमोही गेली. खाली जाऊन काकांना काय सांगणार होतो? भिंतीवर आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

काकूंनी वाडगा ओढला आणि खाऊ लागल्या. मध्येच थांबल्या, तोंडावर हात दाबून डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, संपलं आता. मग त्यांनी पुन्हा चमचा उचलला. वाडगा रिकामा झाल्यावर पाण्याबरोबर गोळी घेतली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पह्यल्याच दिवशी कळलं. उषाचा रवा असा कच्चा राह्यते का कधी? पण हे समोर बसून घड्याळ पाहतेत, तं माह्या घशाखाली घास उतरत नाही. तुमच्या घरचं म्हणून धाडतेत, तवा तरी खाली जाऊन उभे राह्यतेत. पाच वाजेपासून रवा भाजून राह्यलेला माणूस, त्याचं टाकू कशी? तू सांगू नको त्याईले."

मी वाडगा उचलू लागलो तर त्यांनी हात धरला. "रिकामा कसा नेतो?" फळीवरून डबा काढून त्यांनी डिंकाचे दोन लाडू वाडग्यात ठेवले. "मागच्या किमोच्या आधी ह्याईच्यासाठी करून ठेवले होते. हात लावत नाहीत. तू बरी झाली का दोघं मिळून खाऊ, म्हणतेत. माही गोळी होईपर्यंत पोटात काही घालत नाहीत अन् नंतर भूक नाही म्हणतेत. वाळून चालले. तुमच्या घरचे म्हणून दे."

काका आमच्या दारात दोन्ही मनगटं समोर धरून उभे होते.

"खाल्लं?"

"सगळं."

"गोळी?"

"माझ्यासमोर घेतली."

"मीठ बरोबर पडलं होतं ना गा?"

"बरोबर होतं."

काका तिथेच पायरीवर बसले. मी वाडगा पुढे केला. "उषा जाताना तुमच्यासाठी ठेवून गेली." कान लाल झाले असतील, पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी लाडू घेतला आणि सावकाश चावत संपवला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "उषाले हात आहे. पण आमच्या घरच्यांची गोष्टच वेगळी."

काकांनी खिशातून रुमाल काढला, दुसरा लाडू त्यात जपून बांधला आणि उजव्या घड्याळात पाहिलं.

"हा तिच्यासाठी नेतो. दुपारच्या गोळीआधी देतो. तुमच्या घरचा आहे म्हटलं का, नाही म्हणणार नाही ती."