तांबे आणि मोहरीचं तेल

थंडीत ऊन पडलं की चंदीगडच्या आमच्या सेक्टरातल्या बागेत म्हातारे गुडघे उघडे पडतात आणि मोहरीच्या तेलाच्या बाटल्या निघतात. मग माझे शेजारी तांबे निघतात.

"तेल बंद कीजिए! गाठ है? पहले डॉक्टर, फिर एमआरआय, फिर सुई से जांच. तेल कभी नहीं."

"तांबेजी, गाठ नहीं, घुटना है. मेरा अपना है यार," एक सरदारजी काकुळतीला आले.

"सबको अपना ही लगता है."

तांबे ऑडिटमधून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला. मला त्यांचा राग इतका आवडतो, की कधीकधी मी एखादी रिकामी बाटली बाकावर ठेवून लांब जाऊन बसतो.

गेल्या वर्षी तांबेवहिनींच्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती. बागेतल्याच सल्ल्यावरून तांबे रोज तेल लावून ती अंगठ्यांनी जिरवायला बसले. जिरली नाही. मग जवळच्या एका दवाखान्यात, चरबीची असेल म्हणून, काही न तपासता कापून टाकली. अहवाल मागाहून आला: सार्कोमा. स्नायू-चरबीत क्वचितच होणारा कॅन्सर.

मुल्लानपूरच्या कॅन्सर रुग्णालयातल्या सर्जनबाई म्हणाल्या, जुन्या जखमेसकट भोवतालचा स्नायूही काढावा लागेल. कॅन्सर हाडापर्यंत पोचला असेल, तर पायाची खात्री नाही.

तांबे दवाखान्यावर भडकले, लिफ्टवर भडकले. ऑपरेशनच्या सकाळी एक तरुण डॉक्टर वहिनींच्या पायावर पेनाने बाण काढायला आला, त्याच्यावर तर तुटूनच पडले. "निशान किसलिए? शादी से पहचानता हूं मैं यह पैर."

पाय वाचला. सर्जनबाईंनी समजावलं, मालिशने कॅन्सर होत नाही; फक्त तपासायला उशीर झाला.

"आप कौन होती हैं मुझे माफ करनेवाली?" तांबे गरजले. वॉर्डभर ऐकू गेलं.

काल त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. वहिनी काठी बाजूला ठेवून खुर्चीत टेकल्या. "अहो, पावलं गार पडलीत. जरा चोळा की. पावलांना चालतं म्हणाल्यात डॉक्टर."

"त्यांना काय कळतंय," तांबे गुरगुरले.

मग खाली बसले. वहिनींचं पाऊल त्यांनी दोन्ही तळव्यांत धरलं. चोळलं नाही, दाबलं नाही. नुसतं धरून बसले, चहा गार होईपर्यंत, दोन्ही अंगठे पावलापासून लांब, ताठ उभे ठेवून.