पॉलिशचा महिना, मेण्याची वही

कवळ्यांच्या त्या कारखान्यात आपल्याइतका हिशेबी माणूस दुसरा नाही, असं मेण्याचं ठाम मत होतं. आता स्वतःचा पगार पंधरा तारखेला कुठे गडप होतो हे त्याला कधी सांगता आलं नव्हतं, पण ती बाब वेगळी! दुसऱ्याच्या खिशात किती आहेत आणि त्यातले किती तिथे असायला नकोत, हे तो नुसत्या नजरेने सांगत असे.

कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, इथे प्लॅस्टर ओतून, मेणात दात रोवून त्यांची कवळी तयार व्हायची. मेणात दात रोवायचा तो मेण्या. तयार कवळी फिरत्या चाकावर धरून चकचकीत करायचा तो पॉलिश. दोघांची खरी नावं पगारपत्रकापुरती उरली होती. दोघे एकाच दिवशी कामाला लागले, एकाच पगारावर. आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

कारण तेवढ्याच पगारात पॉलिशने आईला कपडे धुण्याचं मशीन घेतलं. रोख!

ही बातमी मेण्याला ताईने सांगितली. मेण्या ताईच्या घरातली मागची खोली भाड्याने घेऊन राहत होता, आणि सख्खी बहीण असूनही ताई एक तारखेला त्याला चहा द्यायच्या आधी भाडं घ्यायची.

"रोख घेतलं म्हणे," ताई भाजी चिरता चिरता म्हणाली. "हप्ता नाही, काही नाही. आणि तू? परवा माझ्याकडून साबणाला पैसे नेलेस!"

"त्याला पगार जास्त असेल."

"तेवढाच आहे. त्याची आईच सांगत होती."

"मग कर्ज काढलं असेल! ताई, तू लिहून ठेव, तो माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडालाय!"

"बुडालेला माणूस इस्त्रीचे कपडे घालत नाही रे," ताई म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली.

मेण्या जेवला, पण अन्न गोड लागलं नाही. त्याला मत्सर वाटत होता, आणि तोही किरकोळ नव्हे. पॉलिश हसला की वाटायचं, मशीनला हसतोय. पॉलिश गप्प बसला की वाटायचं, मनातल्या मनात पैसे मोजतोय!

त्यात मालकांनी तेल ओतलं. एक तारखेला पगार वाटून झाल्यावर त्यांनी दोघांना पुढ्यात उभं केलं.

"सामानाचा खर्च हाताबाहेर चाललाय," मालक म्हणाले. "मला खरेदी बघायला माणूस पाहिजे. तुम्हा दोघांपैकी एक. ज्याला स्वतःचा महिना नीट लावता येतो त्यालाच हे काम देईन. आणि यंदा एकाचा पगार वाढवायचाय. एकाचाच बरं का, तेवढीच माझी ताकद! पुढच्या एक तारखेला सांगतो."

मेण्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. खरेदीप्रमुख मेण्या! वाढलेला पगार! ताई म्हणतेय, "बाई बाई, पॉलिश कुठे आणि तू कुठे!" फक्त एक अडचण होती. स्वतःचा महिना नीट लावून दाखवणं त्याला या जन्मात जमणार नव्हतं. पण पॉलिशचाही महिना लागत नाही, हे तर सिद्ध करता येईल? पॉलिश दिवसभर काय काय खर्च करतो ते टिपायचं, महिनाअखेर बेरीज मारायची आणि मालकांपुढे ठेवायची. बघा, मालक! पगार एवढा, खर्च एवढा! बाकीचे कुठून येतात ते याला विचारा!

मेण्याने त्याच संध्याकाळी वही घेतली. लाल पुठ्ठ्याची, आत जाड कागद, रेशमी खूणदोरी. वहीबरोबर पेनही घेतलं. वहीवर त्याने कुणाचंच नाव घातलं नाही. गुप्त काम होतं ना!

पहिल्या दिवशी पॉलिश कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला. मेण्या मागोमाग. पॉलिशने एक चहा घेतला, उभ्या उभ्या प्यायला, निघाला. मेण्याला मात्र नुसतं उभं राहून टिपणं बरं दिसेना, म्हणून त्याने बसून दोन चहा घेतले, त्यावर बन आणि आमलेट. वहीत लिहिलं: 'चहा एक. बिस्कीट नाही.'

पॉलिश कामाला पायी यायचा. मेण्याने चार दिवस मागून चालत पाळत ठेवली. एवढं चालायची सवय नसल्यामुळे परत जाताना तो टॅक्सी करू लागला. वहीत लिहिलं: 'प्रवास शून्य.'

नऊ तारखेला पॉलिश न्हाव्याकडे शिरला. मेण्या बाकावर वर्तमानपत्राआड बसला. पॉलिश उठला तशी न्हाव्याने खुर्ची झटकली. "या साहेब!"

"मी नुसता बसलोय."

"केस वाढलेत की!"

केस कापून झाले. वर डोक्याची चंपी झाली, कसलासा वासाचा लेप तोंडाला लावला गेला आणि आरशात मेण्याला स्वतःचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा दिसला. वहीत लिहिलं: 'केस कापले. दाढी घरीच.'

मग बुटांचं प्रकरण झालं. पॉलिश बुटांच्या दुकानापुढे थांबला, काचेला नाक लावून दहा मिनिटं बघत राहिला. मेण्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घे! घे लेका, महागातला घे! पॉलिश आत गेला, तसा मेण्याही आत गेला. पॉलिशने काउंटरवर जुना बूट ठेवला आणि तळ बदलून मागितला. तेवढ्यात दुकानातल्या मुलीने मेण्यापुढे तपकिरी बुटांचा जोड धरला. नाही म्हणायची मेण्याची छाती होईना. शिवाय पॉलिश बघत होता!

"अरे वा, नवे बूट?" पॉलिश म्हणाला.

"हो. असतात आपले एकदोन," मेण्या म्हणाला. बूट एक नंबर लहान होते. वहीत लिहिलं: 'जुन्या बुटाला नवा तळ.'

पण कळस झाला तो भाड्याने. पॉलिश घरभाडं किती देतो हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मेण्या थेट त्याच्या इमारतीत खोली बघायला गेला. घरमालकीण भलतीच गोड बोलली. खिडकी दाखवली, नळ सोडून दाखवला, पाणी किती जोरात येतं बघा म्हणाली. भाड्याचा आकडा कळला, पण बाहेर पडता पडता नको असलेल्या खोलीचा विसार मेण्याच्या खिशातून तिच्या हातात गेला होता! "परत मिळत नाही हं," ती गोडच आवाजात म्हणाली.

अठरा तारखेला मेण्याकडचे पैसे संपले. पण वही! वहीत पॉलिशच्या आईचं दर मंगळवारचं औषध होतं, विजेचं बिल होतं, मोबाइलचं होतं, सुईदोऱ्याची रीळसुद्धा होती. एवढा चोख हिशेब मेण्याने आयुष्यात कधी ठेवला नव्हता.

तीस तारखेला सगळे घरी गेल्यावर त्याने मेणाच्या टेबलाशी बसून बेरीज मारली आणि गार पडला. खर्च वजा जाता पगारातला चौथा हिस्सा शिल्लक राहत होता! त्याने पुन्हा बेरीज केली. खालून वर केली. हिस्सा काही हलेना. म्हणजे कर्ज नाही, लबाडी नाही, काही नाही. तो माणूस तेवढ्याच पगारात खरोखर नीट जगत होता!

"याला काय अर्थ आहे!" मेण्या रिकाम्या खोलीत ओरडला. पॉलिश चोर निघाला असता तर त्याने त्याला आनंदाने माफ केलं असतं. पण हे कसं सहन करायचं? त्याने वही मेणाच्या खणात भिरकावली आणि लंगडत घरी गेला.

एक तारखेला सकाळी मालकांनी मेणाची पानं मोजायला तो खण उघडला.

दहा वाजता सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं गेलं. प्लॅस्टरवाले काका पांढऱ्या हातांनीच आले. पॉलिश चाक बंद करून दारात उभा राहिला. मालकांच्या हातात लाल वही बघितली आणि मेण्याच्या पायाखालची फरशी सरकली.

"हे अक्षर कुणाचं?" मालकांनी विचारलं.

"माझं," मेण्या पुटपुटला.

"ऐका सगळे!" मालकांचा आवाज भरून आला. "'तारीख दोन. चहा एक. बिस्कीट नाही.' बिस्कीट नाही, हेसुद्धा लिहिलंय! 'प्रवास शून्य.' 'जुन्या बुटाला नवा तळ.' आणि हे बघा, दर मंगळवारी आईचं औषध! तिच्यापासून लांब राहून आईला विसरला नाही पोरगा!"

मेण्याची आई थोरल्या भावाकडे ठणठणीत होती आणि औषधाची बाटली बघितली तरी पळ काढायची. पण मेण्याने मान खाली घातली. गप्प राहिलं की काम मिळणार होतं! फक्त पॉलिशकडे बघायचा धीर होईना.

"'तारीख चौदा. चहा एक,'" मालक वाचत होते.

"दोन," पॉलिश म्हणाला.

मालकांनी वहीतून मान वर केली.

"तुला काय ठाऊक?" मालकांनी विचारलं.

"मी तिथेच होतो ना मालक," पॉलिश शांतपणे म्हणाला. "पाऊस होता. दुसराही घेतला."

"बघा! इतकी साधी चूक, तीही महिन्यात एकच!" मालकांनी वही मिटली. "ठरलं. आजपासून खरेदी मेण्याकडे!"

काकांनी पाठीवर थाप मारली, पाठीवर पंजा उमटला. मेण्याला वाटलं आपण छताला टेकू. त्याने पहिल्यांदाच पॉलिशच्या डोळ्याला डोळा भिडवला. कसं वाटतंय आता? जळ! जळ थोडा तूही!

"आता राहिली पगारवाढ," मालक म्हणाले.

"मालक, तुम्ही द्याल ती..." मेण्या लाजत म्हणाला.

"तुला कशाला?"

"अं?"

"अरे, तुझा महिना भागून चौथा हिस्सा उरतो! इथे शेवटी बेरीजच मारलीयस, खाली दोन रेघा ओढून! तुला आणखी पैसे देऊन काय करू? तू ते आणून मलाच परत देशील!" मालक प्रेमाने हसले. "वाढ एकच आहे. ती पॉलिशला. त्याच्या घरी आई आहे, मशीन घेतलंय, बिचारा ओढाताणीत असणार."

"मालक!" मेण्या किंचाळला. "मी उधळ्या आहे हो!"

"विनय बघा याचा!"

"खरंच! चंपी करून घेतली! टॅक्सीने फिरलो! हे बूट बघा, नवे आहेत!"

मालकांनी बुटांकडे बघितलं, मग वही चाळली. "वहीत कुठे आहेत? नाहीत. म्हणजे कुणाचे तरी घातलेस. लहानच होतायत तुला. शाब्बास, अशी काटकसर पाहिजे!"

खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं: मालक, हा महिना माझा नाही, पॉलिशचा आहे. ते मेण्याच्या ओठांपर्यंत आलं. पण त्या वाक्याबरोबर खरेदीचं काम गेलं असतं, महिनाभर पाळत ठेवल्याचं उघड झालं असतं, आणि शिवाय भर सभेत पॉलिशचं कौतुक झालं असतं! मेण्याने ते वाक्य गिळून टाकलं.

सुटी झाल्यावर पॉलिश जिन्यात थांबला होता. आता ठोसा येणार म्हणून मेण्याने आधीच डोळे बारीक केले.

"केव्हापासून मागे होतास?" पॉलिशने विचारलं.

"दोन तारखेपासून."

"मला वाटलं, तुलाही त्याच रस्त्याने जायचं असतं. म्हटलं, बरी सोबत आहे."

मेण्याने डोळे पूर्ण उघडले. "मग सांगितलं का नाहीस मालकांना?"

"कशाला सांगू? खरेदीचं काम मला नकोच होतं. दिवसभर दुकानदारांशी घासाघीस, दातांची खोकी मोजा, कमी पडली की बोलणी खा! मला वाढ तेवढी हवी होती. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय." पॉलिशने त्याचा खांदा दाबला. "ते काम माझ्या गळ्यात पडायच्या आधीच तू घेतलंस. उपकार झाले बघ तुझे."

तो खाली उतरून गेला. मेण्या कठड्याला टेकून उभा राहिला. पॉलिशने दोन शिव्या हासडल्या असत्या तर किती बरं झालं असतं! माणूस वाईटही नव्हता, आणि हे तर मुळीच सहन होत नव्हतं.

घरी ताई दारातच उभी होती, भाड्यासाठी हात पुढे करून. पण त्याचा चेहरा बघून तिने हात मागे घेतला.

"काय रे? काम मिळालं का?"

"मिळालं. खरेदीप्रमुख."

"अगं बाई! आणि पगारवाढ?"

"झाली."

"खरंच?" ताईचे डोळे चमकले. तिने त्याला आत ओढलं, खुर्चीत बसवलं, न मागता चहाचं आधण ठेवलं. "किती झाली रे? सांग ना, किती?"

मेण्याने वाकून आधी एक बूट काढला, मग दुसरा.

"ते पॉलिशला विचारायला लागेल," तो म्हणाला.